नववी ते बारावी : शाळेनं मुलांचा हात टप्प्याटप्प्यानं कसा सोडावा

प्रश्न असा आहे : शाळेचा बारावीचा निकाल दरवर्षी उत्तम लागतो, चांगल्या कॉलेजांत प्रवेशही मिळतात, पण पहिल्याच वर्षी बरीच मुलं तिथं गडबडतात. कुणाचे विषय राहतात, कुणी शाखा बदलतं, कुणी शिक्षणच सोडतं. शाळा वर्षातून एकदा करिअर मेळावा घेते, कलचाचणी करते, बाहेरचे वक्ते बोलावते. मग कमी कुठं पडतं, आणि नववीपासून नेमकं काय करायला हवं?

कमी पडतं ते रोजच्या वर्गात. निकालाच्या मागे लागलेली शाळा मुलांची बरीच कामं स्वतःच उरकून टाकते. मुदतीची आठवण तीच करते, धड्याचा गोषवारा फळ्यावर लिहून देते, परीक्षेत काय येणार याचा अंदाज देते, वही अपुरी दिसली की घरी फोन लावते. निकाल चढतो तो या आधारावर, आणि कॉलेजात हा आधार एका दिवसात जातो. म्हणून चार वर्षांची आखणी करताना आधी एक यादी करा : मुलांसाठी शिक्षक आणि पालक कोणकोणती कामं करतात. मग प्रत्येक कामापुढे लिहा, हे काम कोणत्या वर्षी मुलाकडे द्यायचं. अर्ज, मुलाखती, करिअरची निवड हे सगळं याच यादीत बसतं.

पुढे काय वाढून ठेवलंय, याचा अंदाज आकड्यांत घ्या. युरोपातल्या विद्यापीठांच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत वर्षाला 60 श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे वर्षाला 1,500 ते 1,800 तास, आणि त्यातला मोठा वाटा वर्गाबाहेरचा. अमेरिकी विद्यापीठांतला नेहमीचा ठोकताळा वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास असा आहे; आठवड्याला 15 तास वर्ग असतील तर 30 तास स्वतः बसायचं. शाळेतल्या मुलाचं गणित बरोबर उलटं असतं. दिवसभर वर्गात, आणि उरलेला वेळही कुणीतरी आखून दिलेला. रिकाम्या दुपारचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

एकच प्रकल्प, चार वर्षं

तीन आठवड्यांचा एक लेखी प्रकल्प घ्या. नववीत शिक्षकांनी त्याचे पाच तुकडे करून द्यावेत : विषय ठरवणं, संदर्भ गोळा करणं, आराखडा, कच्चा मसुदा, अंतिम प्रत. प्रत्येक तुकड्याला वेगळी तारीख आणि थोडे गुण. दहावीत मधल्या दोनच तारखा ठेवा, आराखड्याची आणि कच्च्या मसुद्याची. अकरावीत मधल्या तारखा मुलानं स्वतः ठरवायच्या, पण त्या पहिल्या तीन दिवसांत लिहून द्यायच्या आणि शिक्षकांनी त्यावर फक्त ‘शक्य आहे’ किंवा ‘पुन्हा बघ’ एवढंच लिहायचं. बारावीत अंतिम तारखेशिवाय काहीही नाही.

अकरावीत पहिल्या खेपेला बरीच मुलं आपटणार, हे धरूनच चला. म्हणून हा पहिला प्रकल्प वर्षाच्या गुणांत 5 ते 10 टक्क्यांहून जास्त वजनाचा नको. आपटल्याचं दुःख व्हावं, पण वर्ष वाया जाऊ नये. त्यानंतरचं काम दंडापेक्षा महत्त्वाचं असतं : ठरवलेल्या तारखा आणि प्रत्यक्ष झालेल्या तारखा मुलानं शेजारी शेजारी लिहायच्या आणि कोणतं काम अंदाजापेक्षा किती जास्त वेळ खाऊन गेलं ते नोंदवायचं. बहुतेकांचा अंदाज दोन ठिकाणी चुकतो. संदर्भ शोधायला लागणारा वेळ ते निम्म्याहून कमी धरतात, आणि कच्चा मसुदा सुधारायला वेळ लागतो हे तर मोजतच नाहीत.

हे बिघडतं कुठं, तर शिक्षकखोलीत. चारपैकी तीन शिक्षक मुदत पाळतात आणि चौथे ‘जाऊ दे, सोमवारी दे’ म्हणतात. मुलं लगेच ओळखतात की मुदत म्हणजे घासाघीस. फेरपरीक्षेचंही तसंच. नववीत दोनदा संधी ठीक आहे, बारावीत हवी तितक्या वेळा लिहू दिलं तर पहिल्या परीक्षेची तयारीच होत नाही. त्यामुळे उशिराच्या कामाचा आणि फेरपरीक्षेचा नियम इयत्तेनुसार ठरवा, विषयानुसार नको, आणि तो सत्र सुरू होण्याआधी पालकांना लेखी द्या. आजारपण, घरातली अडचण यांसाठी सवलत असावीच, पण ती मागायची मुलानं आणि मुदतीच्या आधी. आईचा फोन आला म्हणून मुदत वाढली, तर मूल मुदत पाळायला शिकत नाही, आईला फोन करायला सांगायला शिकतं.

वाचन, टिपणं आणि शंका

शाळेतली हुशार मुलंसुद्धा पुस्तकातला धडा स्वतः वाचून वर्गात येत नाहीत, कारण शिक्षक तो वर्गात वाचून दाखवतात. नववीत चार-पाच पानांपासून सुरू करून बारावीपर्यंत एका बैठकीत 25-30 पानं, तीही न शिकवलेल्या मजकुराची, इथवर पोचायला हवं. आठवड्यातून एका विषयाचा एक तास ‘आधी वाचून या’ असा राखून ठेवा. वर्गात आल्यावर पाच मिनिटांत तीन प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या आणि मग चर्चा. न वाचलेल्यांसाठी धडा पुन्हा सांगितलात, की ही पद्धत तिथंच मेली. पुढच्या आठवड्यात वाचून येणारेही वाचायचं सोडतात.

टिपणांसाठी कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची पद्धत अजूनही चांगली. पानाच्या डावीकडे सुमारे 6 सेंटिमीटरचा पट्टा, तळाशी 5 सेंटिमीटरची मोकळी जागा. वर्गात उजवीकडे लिहायचं. त्याच दिवशी घरी डावीकडे त्या मजकुरावरचे प्रश्न काढायचे. तळाशी दोन-तीन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची. ही पद्धत जिथं ‘चालत नाही’ तिथं वह्या उघडून बघा. उजवी बाजू तीन रंगांत सजवलेली असते आणि डावा पट्टा कोरा असतो. खरं काम डाव्या पट्ट्यात आहे. तपासताना फक्त तोच तपासा.

झाकून आठवण्याला इतकं महत्त्व का? रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधला प्रयोग याबाबत बोलका आहे. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिण्याचा सराव केला होता ते पुढे गेले. शाळेतल्या छोट्या चाचण्या पाठांतर केल्यावर लगेच होतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा वाचणं तिथं खपून जातं. कॉलेजातली सत्रपरीक्षा तीन-चार महिन्यांच्या अभ्यासावर असते आणि तिथं त्याच मुलाचे गुण कोसळतात. अकरावी-बारावीच्या प्रत्येक चाचणीत निदान एक चतुर्थांश प्रश्न दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या भागावर ठेवा. पालकांच्या तक्रारी येतील, त्याची तयारी ठेवा.

मदत मागणं हेही शिकवावं लागतं, आणि यात शांत, चांगले गुण मिळवणारी मुलं सगळ्यात मागे असतात. आजवर त्यांना मागायची वेळच आलेली नसते. दहावीपासून शिक्षकांना लेखी शंका विचारण्याचा रिवाज पाडा. ‘सर, मला हा धडाच कळला नाही’ या संदेशाला उत्तर द्यायचं नाही, तो परत पाठवायचा. चालेल असा संदेश साधारण असा असतो :

‘विषय : रसायनशास्त्र, प्रयोग 4, आलेखाबद्दल शंका. सर, मी अकरावी ‘ब’ तुकडीत आहे. प्रयोग 4 च्या आलेखात माझे शेवटचे दोन बिंदू रेषेबाहेर जातात. आकडेमोड दोनदा तपासली; नोंदींचा फोटो सोबत जोडला आहे. चूक मोजण्यात झाली की आलेखाचं प्रमाण चुकलं, हे कळत नाही. उद्या मधल्या सुट्टीत पाच मिनिटं भेटू शकाल का?’

कोण, कशाबद्दल, स्वतः काय करून पाहिलं, अडलं कुठं, हवं काय. कॉलेजातल्या प्राध्यापकाला, नोकरीतल्या वरिष्ठाला, शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला पाठवायचा मजकूर याच साच्यातला असतो. वर्षभरात प्रत्येकानं असे निदान सहा संदेश लिहावेत, मग सवय लागते.

संशोधनपर लेखनाबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट (आयबी) या शालेय अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थ्याला कमाल 4,000 शब्दांचा स्वतंत्र निबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी मार्गदर्शकानं एकूण तीन ते पाच तासच द्यावेत अशी अपेक्षा असते. इतकं नको असेल तर अकरावीत 1,500 ते 2,000 शब्द आणि पाच-सहा संदर्भ पुरेत. पण मार्गदर्शनाचे तास मात्र असेच मोजून द्या. एआयकडून लिहून आणलेला मजकूर ओळखायला सॉफ्टवेअरवर विसंबू नका. प्रत्येक निबंधानंतर पाच मिनिटं तोंडी विचारा, हा संदर्भ का घेतला, तो का सोडला, तिसऱ्या परिच्छेदातला मुद्दा दुसऱ्यात का नाही. लिहिलेलं स्वतःचं असेल तर उत्तरं येतात.

कोणती वाट कधी बंद होते

विषयनिवडीच्या वेळी शाळा ‘आवडीनं निवडा’ असं सांगते. सल्ला चांगला, पण अर्धा. एखादा विषय सोडल्यावर पुढचं काय काय हातचं जाणार, हे त्या वेळी कुणी सांगत नाही. यावर उपाय म्हणजे उलटा तक्ता. डावीकडे मुलं साधारण जिकडे जातात ते वीस-पंचवीस अभ्यासक्रम लिहा; त्यात पदविका आणि कारागिरीचे अभ्यासक्रमही हवेत. पुढे चार रकाने : शेवटच्या दोन वर्षांत कोणते विषय अनिवार्य, प्रवेशपरीक्षा आहे का, किमान गुण किती, आणि विषय बदलायचा असेल तर शेवटची संधी कोणत्या महिन्यात. हा तक्ता दरवर्षी अभ्यासक्रमांच्या मूळ माहितीपत्रकांवरून ताजा करावा लागतो. गेल्या वर्षीचा तक्ता तारीख बदलून पुन्हा लावणं हा यातला सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महागडा आळस.

तक्ता भरला की एक गोष्ट लगेच दिसते : सर्वाधिक वाटा गणितावर अडतात. अभियांत्रिकी, वास्तुरचना, संगणकशास्त्र हे सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच विद्यापीठांत अर्थशास्त्रालाही शाळेतलं गणित लागतं आणि मानसशास्त्रात पहिल्या वर्षीच संख्याशास्त्र समोर उभं राहतं. म्हणून गणित ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला तक्ता दाखवून विचारा, यातल्या कोणत्या ओळी खोडल्या तर चालतील? त्यानं शांतपणे खोडल्या तर ती खरी निवड. खोडताना हात थबकला तर गणित ठेवा आणि जादा तास द्या.

करिअर : आधी यादी वाढवा

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं, म्हणजे ओईसीडीनं, 2018 च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या उत्तरांवरून दाखवलं की 41 देश आणि प्रदेशांतली पंधरा वर्षांची 47 टक्के मुलं आणि 53 टक्के मुली तिशीत आपण फक्त दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकात असू असं धरून चालतात. डॉक्टर, शिक्षक, अभियंता, वकील, पोलीस वगैरे. मुलांना आवड नसते असं नाही. व्यवसायांची नावंच माहीत नसतात. त्यामुळे नववी-दहावीतलं काम निवड करण्याचं नाही, यादी लांबवण्याचं आहे.

कलचाचण्या बहुतेक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी सांगितलेल्या माणसांच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या असतात. त्यांनी हा सिद्धांत 1959 मध्ये मांडला : हातानं काम करणारे, शोधक, कलावंत वृत्तीचे, माणसांत रमणारे, उद्यमी आणि नेटकी व्यवस्था आवडणारे. अमेरिकी कामगार विभागाची 60 प्रश्नांची मोफत चाचणी याच धर्तीची आहे. चाचणी जरूर घ्या, पण निकालाचा कागद घरी पाठवून मोकळं होऊ नका. घरी तो कागद ज्योतिष्याच्या पत्रिकेसारखा वाचला जातो. नववीत एकदा आणि अकरावीत पुन्हा घ्या, दोन्ही निकाल शेजारी ठेवून बदल कशानं झाला यावर बोला. आणि चाचणी सांगते ती आवड. कुवत ती सांगत नाही. हे मुलांना आणि पालकांना स्पष्ट शब्दांत सांगा.

त्यानंतर प्रत्येकानं तीन व्यवसायांचा शोध घ्यायचा : एक स्वतःच्या मनातला, एक चाचणीनं सुचवलेला, एक चिठ्ठी काढून आलेला. प्रत्येकाबद्दल सहा गोष्टी : दिवसभर प्रत्यक्ष काय करावं लागतं, प्रवेशाच्या वाटा कोणत्या, किती वर्षं आणि किती खर्च, सुरुवातीचं उत्पन्न आणि दहा वर्षांनंतरचं, काम कुठं मिळतं, आणि त्यातला कंटाळवाणा भाग कोणता. सहावी गोष्ट पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी ते काम करणाऱ्या माणसाशी बोलावं लागतं, आणि हेतू तोच आहे. चिठ्ठीतून आलेल्या व्यवसायात मुलं बऱ्याचदा सगळ्यात जास्त रमतात, कारण तिथं कुणाच्याच अपेक्षा नसतात.

वक्त्यांची भाषणं कमी करा. सभागृहात तीनशे मुलं आणि व्यासपीठावर एक यशस्वी माणूस, हा कार्यक्रम शाळेच्या अहवालासाठी चांगला. इंग्लंडमध्ये गॅट्सबी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेनं 2014 मध्ये शाळांतल्या करिअर मार्गदर्शनासाठी आठ निकष मांडले. त्यानुसार अकराव्या वर्षापासून दरवर्षी निदान एकदा कुणा नोकरी देणाऱ्याशी अर्थपूर्ण गाठ पडावी, सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्यक्ष कामाच्या जागेचा एक अनुभव आणि अठराव्यापर्यंत आणखी एक मिळावा. आठातला एक निकष विषयशिक्षकांसाठी आहे : स्वतःच्या विषयाचा व्यवसायांशी संबंध वर्गातच दाखवणं. हा बिनखर्चाचा आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षला जातो. टक्केवारी शिकवताना विम्याचा हप्ता कसा ठरतो ते दाखवायला एक तासही लागत नाही.

कामाच्या जागेवरचा आठवडा

हा भाग नीट केला तर चार वर्षांतला सगळ्यात फलदायी, आणि ढिसाळ केला तर मुलगा पाच दिवस कोपऱ्यात बसून झेरॉक्स काढतो. तसं होण्याचं कारण बहुधा एकच असतं : त्या ठिकाणच्या माणसाला मुलाचं काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आधी त्यांना एक पान द्या. त्यावर हे मागा : मुलाला करता येतील अशी तीन खरी कामं, बसून ऐकता येईल अशी एक बैठक, वेगवेगळ्या हुद्द्यांवरच्या तीन माणसांशी प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि जबाबदार व्यक्ती एकच, नावानिशी.

शाळेच्या बाजूनं पालकांची लेखी संमती, विम्याची व्यवस्था, जागेची सुरक्षिततेच्या दृष्टीनं पाहणी आणि बालकामगार कायद्यातल्या मर्यादा तपासणं हे निघण्याआधी पूर्ण हवं. जागा मिळवण्यासाठी पहिला फोन किंवा पत्र मात्र मुलानं करावं. शाळेनं आधी कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे नकार आला तरी अपमान होणार नाही. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी आहेत त्यांना चांगल्या जागा आणि बाकीच्यांना उरलेल्या, असं होऊ द्यायचं नसेल तर जागांची यादी शाळेची असावी आणि ओळखीतून आलेली जागाही त्याच यादीत जमा व्हावी.

आठवडाभर रोज पाच ओळींची नोंद : आज काय केलं, काय पाहिलं, काय कळलं नाही, कुणाला विचारलं, उद्या काय. तिसऱ्या दिवशी शिक्षकानं जाऊन दहा मिनिटं भेटावं. पाचव्या दिवशी कळलेली अडचण काही कामाची नसते. परतल्यावर तीन दिवसांत आभाराचं पत्र आणि वर्गात दहा मिनिटांचं सादरीकरण. ‘हे काम मला अजिबात नको’ असं म्हणत परतलेला मुलगाही आठवडा सत्कारणी लावून आलेला असतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षी हे कळण्यापेक्षा सोळाव्या वर्षी कळलेलं बरं.

कॉलेज न करणाऱ्यांसाठी शाळा सहसा काहीच करत नाही, ‘बघू पुढे’ म्हणून सोडून देते. जर्मनीत सुमारे 325 मान्यताप्राप्त व्यवसायांत दोन ते साडेतीन वर्षांचं उमेदवारी प्रशिक्षण मिळतं, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत. स्वित्झर्लंडमध्ये तर साधारण दोन तृतीयांश मुलं सक्तीच्या शिक्षणानंतर व्यवसायशिक्षणाकडेच वळतात. तशी व्यवस्था आसपास नसली, तरी उमेदवारीच्या जागा, त्यांच्या तारखा आणि मिळणारं विद्यावेतन हे कॉलेजांच्या माहितीइतक्याच ठळकपणे, त्याच फलकावर लावा.

समुपदेशकाचे तास

अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची शिफारस एका समुपदेशकामागे 250 मुलांची आहे. एका मुलाला 45 मिनिटं धरली तर 250 मुलांचे होतात सुमारे 188 तास. आठवड्याला पाच तास मोकळे मिळाले तरी अख्खं शैक्षणिक वर्ष जातं. म्हणून नववी आणि अकरावी गटात घ्या, आणि वैयक्तिक भेटी दहावीच्या शेवटी व बारावीच्या सुरुवातीला ठेवा. चार इयत्तांत मुलं सारखी धरली तर हे 94 तासांत बसतं. जिथं समुपदेशक नाहीच, तिथं वर्गशिक्षकांना वाटून द्या, पण वेळापत्रकात तास दाखवून. ‘सवडीनं भेटा’ म्हटलं की फक्त धीट मुलं भेटतात.

भेटीत ‘तुला काय व्हायचंय?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर पालकांनी पाठ करून दिलेलं असतं. विचारायचं ते असं : गेल्या महिन्यात कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? कोणतं काम येतं पण करावंसं वाटत नाही? घरातून कशाला विरोध होईल? शेवटची दहा मिनिटं लिहिण्यासाठी : पुढच्या सहा आठवड्यांत करायच्या तीन गोष्टी, तारखेसह, मुलाच्या अक्षरात. त्याची एक प्रत पालकांना.

अर्ज आणि पैसे

सात-आठ ठिकाणं पुरतात : दोन हमखास मिळणारी, तीन-चार शक्यतेतली, दोन अवघड. चूक होते ती ‘हमखास’च्या ओळीत. तिथं अशी नावं लिहिली जातात जिथं मूल कधीच जाणार नाही किंवा ज्याचा खर्च झेपणार नाही. ते कॉलेज गुणांत बसतं, खिशाला परवडतं आणि मुलाला चालतं, या तिन्हींना ‘हो’ असेल तरच ते हमखास.

शिफारसपत्र मागायचं ते मुदतीच्या किमान चार आठवडे आधी, आणि सोबत एका पानाची माहिती द्यायची : कुठं अर्ज केलाय, त्या शिक्षकांच्या वर्गात केलेलं कोणतं काम आठवावं, मुदत काय. शिक्षकांनी ‘कष्टाळू, नम्र, अष्टपैलू’ असं लिहिलं की वाचणारा पान उलटतो; स्वतः पाहिलेला एक प्रसंग तपशिलानं लिहिला की थांबतो. स्वतःबद्दलच्या निबंधाचे तीन मसुदे व्हावेत आणि शिक्षकांनी समासात फक्त प्रश्न लिहावेत, वाक्य दुरुस्त करू नये. मोठ्यांनी घासूनपुसून दिलेला निबंध ओळखू येतो.

खर्चाचा हिशेब मुलाकडूनच करून घ्या, पालकांसमोर. शुल्काखेरीज राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं, उपकरणं, आणि सगळी वर्षं मिळून. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी चालू राहण्याची अट काय, किमान किती गुण, हे अर्जातलं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायला लावा. कर्जाचं गणित वर्गात करा : द.सा.द.शे. 10 दरानं दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत 100 फेडायचे तर एकूण सुमारे 159 जातात, आणि शिक्षणकाळातलं व्याज मुद्दलात मिळवलं जात असेल तर आणखी जास्त. हप्ता सुरुवातीच्या अपेक्षित पगाराच्या किती टक्के होतो, हे काढल्यावर घरातल्या चर्चेचा सूर बदलतो.

निकालानंतरचे दोन-तीन महिने

शाळा संपलेली आणि कॉलेज सुरू न झालेलं, या काळात मूल कुणाचंच नसतं. अमेरिकेत याला ‘समर मेल्ट’ म्हणतात; प्रवेश पक्का झालेली 10 ते 20 टक्के मुलं पहिल्या दिवशी पोचतच नाहीत असं तिथल्या अभ्यासांत दिसलं, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण जास्त. कारणं क्षुल्लक दिसतात. शुल्काचा हप्ता भरायची तारीख चुकली, वसतिगृहाचा अर्ज राहिला, एखादा दाखला मिळाला नाही, ईमेल उघडलंच नाही. घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नसेल तर या कागदपत्रांना घाबरून माघार घेतली जाते.

बारावीच्या शेवटच्या महिन्यात प्रत्येकाकडून त्याच्या कॉलेजच्या तारखांची एक पानी यादी करून घ्या आणि ईमेल पत्ता शाळेचा असेल तर स्वतःचा उघडून द्या, कारण शाळेचा बंद होतो. सुट्टीत एका कर्मचाऱ्याकडे पूर्ण मानधनावर हेच काम असावं : दर पंधरा दिवसांनी एक छोटा संदेश आणि उत्तर न देणाऱ्यांना फोन. संदेश ‘शुभेच्छा’ असा नको, ‘वसतिगृहाचा अर्ज भरलास का? हो किंवा नाही कळव’ असा हवा.

मोजायचं काय

फलकावर प्रवेशांची नावं लागतात, पण तयारी झाली की नाही हे त्यावरून कळत नाही. मोजा हे : दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षात टिकले, किंवा घेतलेल्या कामात अठरा महिन्यांनी आहेत. सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनी पाच प्रश्न पुरतात : आता काय करतोस, कोणता विषय जड गेला, मदत कुणाकडे मागितलीस, शाळेत काय करून घ्यायला हवं होतं, आणि शाळेनं काय उगाच केलं. पाचवा प्रश्न गाळू नका. सगळ्यात उपयोगी उत्तरं त्यालाच येतात.

उत्तर न देणाऱ्यांना यशस्वी धरण्याचा मोह होतो. बहुधा परिस्थिती उलटी असते. अडलेली मुलंच फोन उचलत नाहीत. म्हणून शाळा सोडतानाच प्रत्येकाकडून स्वतःच्या क्रमांकाखेरीज आणखी दोघांचे क्रमांक घ्या, आई-वडिलांपैकी एकाचा आणि एका जवळच्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा. मित्राला फोन केला की चौकशी शाळेकडून आलीय असं वाटत नाही, आणि मूल नेमकं कुठं आहे ते बहुतेक वेळा तिथंच कळतं.